जागा धरून ठेवली होती, सर

माझा राग नाकावर असतो, हे घरातल्यांपासून कॉलेजच्या शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मला स्वतःला मात्र मी फार शिस्तीचा माणूस वाटायचो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि नगरपासून थोड्या अंतरावरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर विभाग माझ्या ताब्यात होता. विभाग म्हणजे एक लांबट खोली, काळ्या काचांच्या खिडक्या, घरघरणारा एक एसी, बारा जुनी यंत्रं आणि दाराबाहेर चपलांची रांग. धूळ आत येऊ नये म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणी जायचं, हा तेव्हाचा सगळीकडचा नियम. आमच्याकडे तो देवळापेक्षा कडक पाळला जाई, कारण दाराशी मी असायचो.

त्या खोलीच्या कोपऱ्यात माझा सर्व्हर होता. 'माझा' असं मी उगाच म्हणत नाही. तयार सर्व्हर घ्यायची संस्थेची तयारी नव्हती, तेव्हा मी सुटे भाग जोडून यंत्र उभं केलं आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली घातली. विद्यार्थ्यांच्या नोंदी, अंतर्गत गुण आणि लायब्ररीची पुस्तकं सांभाळायला एक प्रोग्रॅम निवडला, तोही फुकटचा. तो ज्या ओळींनी बनला होता, त्या सगळ्या ओळी कुणालाही उघड्या होत्या. जगभरातले लोक त्या वाचत, चूक सापडली की दुरुस्त करत आणि दुरुस्ती पुन्हा सगळ्यांना वाटून टाकत. मला याचं इतकं अप्रूप होतं, की भेटेल त्याला मी ते ऐकवायचो. प्राचार्य मात्र त्याला शेवटपर्यंत 'तुमचं ते फुकटचं' असंच म्हणत राहिले.

गुण फुटतील, या भीतीने प्राचार्य हैराण असत. त्यामुळे नोंदींचा पासवर्ड एकट्या मला ठाऊक असावा आणि नोंदी करणाऱ्याला दर वेळी मीच तो टाकून द्यावा, असं त्यांनी ठरवलं. त्यात मी दिवाळीच्या सुट्टीत माझी भर घातली. पाच मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही, तर प्रोग्रॅम त्या माणसाला आपोआप बाहेर काढेल, अशी सोय मी करून ठेवली. बाहेर निघालं की पुन्हा पासवर्ड, आणि पासवर्ड म्हणजे मी. हातातलं काम टाकून उठायचं, दोन यंत्रं ओलांडून जायचं, कीबोर्ड झाकून अकरा अक्षरं टाइप करायची. नियम माझाच होता, तरी मला दर वेळी तिडीक यायची आणि ती समोरच्याला दिसेल, याची मी काळजीही घेत असे.

समोर बहुतेक वेळा एकच व्यक्ती असे. नोंदी करायला ठेवलेल्या एक बाई. तेवीस-चोवीस वर्षांच्या, माहेर सुप्याच्या अलीकडच्या एका खेड्यातलं. वस्तीतल्या विहारात कुणीतरी देऊन टाकलेल्या टाइपरायटरवर त्या टायपिंग शिकल्या, मग नगरला येऊन-जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. घरात शिकून टेबल-खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्याच. आषाढी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून आल्या होत्या आणि त्या दिवशीही बारा वाजेपर्यंत दोन वर्गांच्या नोंदी पूर्ण केल्या होत्या. त्यांची दहाही बोटं चालायची. मी दोन बोटांनी टाइप करणारा, विभागप्रमुख असूनही.

त्यांची जागा तात्पुरती होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग मर्जी झाली तर पुन्हा अकरा महिने. नवरा सुप्याच्या एका कारखान्यात रोजंदारीवर होता आणि कारखाना कधी बोलवी, कधी नाही. घर चालत होतं ते या ऑर्डरवर. सात-आठ महिन्यांची मुलगी होती, तिला दिवसभर कॉलेजामागच्या वसाहतीत मावससासूकडे ठेवून त्या येत. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे कानावर आलेलं होतं. त्यावर मी कधी घटकाभर विचार केला नव्हता. मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि चिडलो की 'अहो बाई'. दिवसभरात 'अहो बाई'च जास्त वेळा होई.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सर्व्हर बसायला लागला.

बसायला म्हणजे अक्षरशः. दुपारी दीड-दोनच्या सुमारास आधी सगळं मंदावायचं, मग पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी गोठायची, आतली डिस्क खरखरत राहायची आणि शेवटी बटण दाबून यंत्र बंद करण्यावाचून इलाज उरत नसे. लायब्ररीत पुस्तकं परत करणाऱ्यांची रांग लागे, ऑफिसात बोनाफाइडसाठी आलेले पालक ताटकळत, आणि मी यंत्राचं झाकण काढून त्यात टॉर्च मारत बसे. रोज झालं असतं तरी पत्करलं असतं. पण ते कधी लागोपाठ दोन दिवस व्हायचं, कधी आठवडाभर नाही. मी मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. विजेला शिव्या दिल्या. यूपीएस दुरुस्त करणाऱ्याला दोनदा बोलावून त्याच्याशी भांडलो. एकदा तर उंदराचा संशय घेऊन सगळ्या वायरी बोटांनी चाचपल्या. प्राचार्य दारात येऊन चपला काढत आणि आत न येता विचारत, "काय म्हणतंय तुमचं ते फुकटचं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

मग मी सर्व्हरवर कोण केव्हा आत आलं त्याच्या नोंदी काढून बघितल्या. यंत्र बसलं त्या प्रत्येक दुपारी सात नंबरचं टर्मिनल चालू होतं, आणि सात नंबरवर त्या बाई बसत. झालं. मला तेवढंच हवं होतं. मी तसाच उठून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "सर, सर्व्हरचा दोष नाही. त्या बाईंच्या टर्मिनलवरूनच काहीतरी होतंय. त्यांना जमत नाही हे काम."

प्राचार्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, "या महिनाअखेरीस त्यांची ऑर्डर संपतेय. संस्थेकडून एका मुलीसाठी चिठ्ठी आलेलीच आहे. बरं झालं सांगितलंत."

इतकं सोपं होतं ते. मी बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं, हे आज लिहितानाही कसंतरी होतं.

बातमी तिसऱ्या दिवशी त्यांच्यापर्यंत पोचली. सकाळी मी पासवर्ड टाकून देत होतो, तेव्हा त्या खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मी सुधारते." मी म्हणालो, "ते मलाच कळलं असतं तर सर्व्हर बसला असता का?" हे उत्तर किती बिनडोक आहे, ते मला बोलतानाच जाणवलं. जी चूक मला सापडलीच नव्हती, ती मी त्यांच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. त्या खुर्चीवर बसल्या आणि टाइप करायला लागल्या.

त्या दिवशी एकची सुट्टी झाली. मी रोजच्यासारखा कँटीनकडे निघालो, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो. सव्वा वाजला असेल. दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाहेर त्यांच्या चपला नव्हत्या. आत कुणीच नव्हतं. सगळ्या यंत्रांवर प्लॅस्टिकची कव्हरं घातलेली, सात नंबरवरसुद्धा. मात्र सात नंबरच्या कव्हराखालून उजेड येत होता.

मी कव्हर उचललं. कीबोर्डच्या खालच्या लांब पट्टीवर, म्हणजे स्पेसबारवर, चार घड्या केलेला एक फुलाफुलांचा रुमाल होता आणि रुमालावर स्टीलचा दोन खणी डबा. डब्याच्या वजनाने पट्टी दबलेली होती आणि पडद्यावर विद्यार्थ्याचं नाव शोधायच्या रकान्यात एकामागून एक नुसत्या रिकाम्या जागा पडत होत्या. मी सर्व्हरपाशी गेलो आणि किती मेमरी शिल्लक आहे ते विचारलं. आकडा आला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तो कमी झाला होता. पुन्हा विचारलं, आणखी कमी. मी डबा उचलला नाही. मला शेवटपर्यंत बघायचं होतं. दीड वाजून गेल्यावर डिस्क खरखरायला लागली, आकडा यायला वेळ लागू लागला आणि मग अक्षरं गोठली.

त्याच वेळी त्या धावत आत आल्या. घामाघूम झालेल्या, चपला बाहेर काढायच्याऐवजी हातात. मला सात नंबरपाशी उभा बघून दारातच थांबल्या.

"हे काय आहे?" मी विचारलं.

कॉलेजात त्या फार जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. ते सगळं भीतीने गळून पडलं.

"जागा धरून ठेवली हुती, सर."

"कसली जागा?"

"एष्टीत खिडकीतनं रुमाल टाकतो ना आपन, तसं. मानूस खाली आसलं तरी जागा त्याचीच ऱ्हाती. मी हितंच हाय आसं त्याला वाटावं म्हनून."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"पोरीला पाजायला गेल्ते. मावशीकडं."

"मग बंद करून जायचं. आल्यावर मी पासवर्ड दिला असता की."

त्यांनी चपला दाराबाहेर ठेवल्या. मग म्हणाल्या, "तुमी लई चिडता, सर."

मी विचारलं, "रोज जाता?" तर रोज. मुलगी पटकन झोपली तर दीडच्या आत परत यायच्या. रडायला लागली, पदर सोडेना झाली, तर उशीर व्हायचा. उशीर झाला, की इकडे यंत्र बसलेलं असायचं, पण लाइटमुळे बसलं असेल, असं त्यांना वाटायचं. मी ज्याच्यासाठी उंदीर शोधत होतो, यूपीएसवाल्याशी भांडत होतो, ते गणित एवढं साधं होतं. वसाहतीतली एक सात महिन्यांची पोर रडली, की आमचं कॉलेज बंद पडत होतं.

मी डबा उचलून त्यांच्याकडे दिला. तो चांगला जड लागला.

"तुम्ही जेवला नाहीत?"

"चारला जेवते, सर. वजन लागतंय ना त्याला."

त्या दिवसापासून मी त्यांना लायब्ररीत पुस्तकांवर चिकटपट्ट्या लावायला पाठवलं आणि प्रोग्रॅमच्या ओळी छापायला घेतल्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करवतीसारखा ओरडत राहिला आणि कडेला भोकं असलेला कागद जमिनीवर घडीवर घडी घालत साचत गेला. दोन दिवस मी तो ढीग मांडीवर घेऊन, हातात लाल पेन धरून वाचत होतो. माझा संताप एव्हाना प्रोग्रॅमवर वळला होता, तेवढाच फरक. कारण डबा ठेवून यंत्र बसतं, हे मला दिसलं होतं, पण का बसतं, ते कळत नव्हतं. पाऊण तासात पडतील तेवढ्या रिकाम्या जागा हा काही यंत्राला जड जाणारा माल नव्हता. त्याच्यापुढे तो चिमूटभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओळ सापडली. खरं तर नसलेली ओळ सापडली.

माणूस टाइप करतो ते ठेवायला प्रोग्रॅम आधी मेमरीत थोडी जागा घेई. ती भरली, की तिच्यापेक्षा जरा मोठी जागा घेई, जुना मजकूर तिच्यात उतरवे आणि पुढे चालू लागे. इथपर्यंत ठीक. पण जुनी जागा सोडायला तो विसरत होता. मला एकदम त्या बाईंची एसटी आठवली. एखाद्याने एका बाकावर रुमाल टाकावा, मग पुढचं बाक बरं दिसलं म्हणून तिथे दुसरा टाकावा, मग तिसरा, आणि आधीचे रुमाल काही उचलू नयेत. थोड्या वेळाने सगळी गाडी रुमालांनी भरलेली आणि बसायला कुणाला जागा नाही. शिवाय किती अक्षरांनंतर 'पुरे' म्हणायचं, हेही त्या प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. नाव विचारलं, तर माणूस नावच सांगेल, एवढा त्याचा भाबडा विश्वास.

मग मी पुढची पानं उलटली. हाच तुकडा पासवर्ड विचारण्याच्या आधी, सुरुवातीला नाव विचारतानाही वापरलेला होता. म्हणजे आत यायची परवानगी नसलेला कुणीही माणूस, जगात जिथे जिथे हा प्रोग्रॅम चालतो तिथे, दारातच उभा राहून नुसती एक कळ दाबून धरेल आणि अख्खा सर्व्हर बंद पाडेल. चोरी नको, पासवर्ड नको, अक्कलसुद्धा नको. इतक्या हुशार लोकांनी ह्या ओळी वाचल्या होत्या आणि कुणालाच हे दिसलं नव्हतं. डबा ठेवून जायची वेळ त्यांच्यापैकी कुणावर आली नसावी.

दुरुस्ती चार ओळींची होती. जुनी जागा सोडायच्या दोन, आणि ठरावीक अक्षरांनंतर थांब म्हणायच्या दोन. मी त्या घातल्या, डब्याऐवजी विद्यापीठाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक स्पेसबारवर ठेवलं आणि दोन तास बघत बसलो. आकडा हलला नाही. नगरला जाऊन एका ओळखीच्या दुकानातल्या मोडेमवरून मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ईमेल पाठवली. इंग्रजी व्याकरण तीनदा तपासलं. सुरुवातीला 'मला असं आढळलं की' असं लिहिलं. आढळलं मला. डब्याचा उल्लेख त्यात नव्हता.

आणि कॉलेजात मी गप्प बसलो. चार दिवस. खरं सांगायचं, तर मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. ज्या सर्व्हरच्या मी इतक्या बढाया मारल्या होत्या, त्यातच भगदाड निघालं, हे प्राचार्यांना सांगायचं म्हणजे 'तुमचं ते फुकटचं' जन्मभर ऐकायची तयारी हवी होती. चौथ्या दिवशी व्हरांड्यात तेच मला भेटले आणि खुशीत म्हणाले, "बघा, त्या बाईंना लायब्ररीत हलवलंत आणि तेव्हापासून एकदाही बसलं नाही. तुमचं निदान बरोबर होतं." मी "हो" म्हणालो. तोंडातून नुसतं 'हो' गेलं आणि मी पुढे चालायला लागलो.

महिना संपायला तीन दिवस होते. दुपारी त्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि दोन फुलस्केप कागद पुढे ठेवले. "चार्ज लिहून आणलाय, सर. नव्या मॅडमला उपयोगी पडंल."

मी वाचायला घेतला. अक्षर टायपिंगइतकंच स्वच्छ. कोणत्या वर्गाच्या नोंदी पूर्ण, कोणत्या बाकी. एकाच नावाची कोणती तीन मुलं आहेत आणि त्यांचे रोल नंबर कसे ओळखायचे. राजूरकडून आलेल्या मुलांच्या दाखल्यांवर गावांची नावं दोन तऱ्हेने लिहिलेली असतात, त्यातली कुठली धरायची. कुठल्या फाइलीत कुठला फोटो उलटा चिकटवलाय. अकरा महिन्यांत मी यातलं एकही त्यांना विचारलं नव्हतं. शेवटची नोंद अशी होती: 'कीबोर्डवर कोणतीही वस्तू ठेवू नये. माझ्या हातून ही चूक झाल्यामुळे कॉलेजचे नुकसान झाले.' खाली सही, तारीख.

मी ती ओळ दोनदा वाचली. ज्या गोष्टीसाठी मी जगाला ईमेल लिहून शाबासकीची वाट बघत होतो, तीच गोष्ट या बाईंनी आपला गुन्हा म्हणून स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. हा कागद ऑफिसच्या फाइलीत गेला असता, तर इथलीच काय, दुसऱ्या कुठल्या कॉलेजातली जागाही त्यांना मिळाली नसती. मी त्यांना काय सांगितलं होतं? काहीच नाही. डबा ठेवू नका, एवढंसुद्धा नाही. लायब्ररीत जा, म्हणालो होतो.

"हा कागद माझ्याकडे राहू दे," मी म्हणालो आणि उठलो.

प्राचार्य केबिनमध्ये चहा घेत होते. मी त्यांना म्हणालो, "सर, जरा लॅबमध्ये येता का? कप घेऊन या." ते आले. मी एका सुट्या यंत्रावर जुना, दुरुस्त न केलेला प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर नाव विचारणारा रकाना आला. "पासवर्ड नाही, काही नाही," मी म्हणालो, "नुसती ही पट्टी दाबून धरायची." मी पुन्हा ते नियमांचं पुस्तक कीबोर्डवर ठेवलं आणि शेजारच्या पडद्यावर शिल्लक मेमरीचा आकडा लावून दिला. प्राचार्य आधी घाईत होते. मग आकडा उतरतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खुर्ची ओढली. क्रिकेटचा स्कोअर बघावा, तसे आम्ही दोघं अर्ध्या तासाच्या वर तिथे बसलो होतो. यंत्र बसलं, तेव्हा त्यांच्या कपातला चहा केव्हाच गार झाला होता.

"म्हणजे हे कुणीही करू शकतं?"

"कुणीही. कुठूनही."

"मग त्या बाईंचं काय चुकलं?"

"काही नाही. प्रोग्रॅम मी निवडला. पाच मिनिटांचा नियम माझा. पुन्हा पासवर्ड मागितला की मी अंगावर जातो, म्हणून तान्ह्या पोरीला पाजायला जाताना त्यांनी या पट्टीवर जेवणाचा डबा ठेवला. त्यांना जमत नाही, हे तुम्हाला सांगणाराही मीच. आणि दुरुस्ती करून आठवडा होत आला, तेही मी तुम्हाला सांगितलं नाही."

एवढं सलग आणि खरं मी त्या केबिनमध्ये किंवा लॅबमध्ये कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता 'फुकटचं' येणार. प्राचार्यांनी गार चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "डब्याचं वजन किती असेल हो?" मी म्हणालो, "भरलेला होता, सर." त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "ऑर्डर टाइप करायला सांगतो. संस्थेच्या चिठ्ठीचं मी बघून घेईन." ते त्यांनी कसं बघून घेतलं, मला ठाऊक नाही. त्यासाठी त्यांना चार शब्द ऐकून घ्यावे लागले असणार, पण मला ते कधी बोलून दाखवले नाहीत.

खंडाचे दोन दिवस संपवून तीन तारखेला त्या बाई पुन्हा सात नंबरवर होत्या, पुढचे अकरा महिने. मी त्यांच्यापाशी गेलो आणि सगळं नीट सांगितलं. रुमाल, एसटी, न सोडलेली जागा. त्या तोंडावर पदर धरून हसल्या. "म्हंजे मशीनच येडं हुतं व्हय," असं त्यांच्या तोंडून गेलं आणि लगेच जीभ चावून "मशीनचीच चूक होती का, सर?" असं त्यांनी दुरुस्त केलं. मी माफी मागितली. ती मला नीट मागता आली नाही, अर्धी पुटपुटलो, पण मागितली.

त्याच आठवड्यात ईमेलला उत्तर आलं. त्या लोकांनी खूप आभार मानले होते. दोष गंभीर आहे, नवी आवृत्ती लगेच काढतो आहोत, त्यात तुमच्या चार ओळी जशाच्या तशा घेतल्या आहेत. दोष शोधणाऱ्याचं नाव सोबतच्या यादीत जाईल, ते कसं लिहायचं तेवढं कळवा. मी त्या ईमेलचा प्रिंट काढला. या वेळी तरी शहाण्यासारखं वागायचं, असं ठरवून तो घेऊन सात नंबरपाशी गेलो.

"मॅडम, यात तुमचं नाव घालायचंय. शोधलं तुम्ही. जगभर जाईल हे."

त्यांनी कागद हातात घेतला, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत सगळा वाचला. मग विचारलं, "सर, या यादीत नाव आलं, तर आपल्याकडं जागा पर्मनंट करत्यात का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"मग तुमचंच टाका." त्यांनी कागद घडी घालून परत दिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजतच आला होता. "रागवू नका, पन एक इचारू? त्या चार वळी घातल्या तुमी, मशीन आता बसत न्हाई. पन ते पाच मिन्टाचं तसंच हाय. मी गेले, की ते अजून भाईर काढतंय मला."

जगातल्या सगळ्या सर्व्हरांची काळजी मी केली होती. इंग्रजी व्याकरण तीनदा तपासलं होतं, माफीसुद्धा मागून झाली होती. आणि ज्या एका गोष्टीपायी हे सगळं घडलं, तिला मी हातही लावला नव्हता. तीन तारखेपासून त्या रोज दुपारी पोरीला अर्धपोटी ठेवून पळत येत होत्या, पाच मिनिटं उलटून गेल्यावर माझ्यासमोर उभं राहावं लागू नये म्हणून, आणि रोज उभ्या राहत होत्या. मी रोज उठून पासवर्ड टाकून देत होतो. हल्ली मी चिडत नाही, असं मनात म्हणत.

मी सर्व्हरपाशी गेलो. एक फाइल उघडली, पाच खोडून साठ लिहिलं, फाइल बंद केली. यंत्र पुन्हा चालू करायचीसुद्धा गरज नव्हती. वळून बघितलं, तर सात नंबरची खुर्ची रिकामी होती आणि डबा त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या.